डावा गाल फॉरेनचा

गोजरा तांबे आमच्या इमारतीत राहायला आली ते साल ब्याऐंशी. वाशीत तेव्हा झाडं कमी आणि सोसायट्या जास्त. प्रत्येक सोसायटीला एक चेअरमन आणि प्रत्येक चेअरमनला एक बायको. आमच्या चेअरमनचं नाव रावसाहेब, बायकोचं सरस्वतीबाई. मी, नंदिनी, महिला मंडळाची सेक्रेटरी. म्हणजे वही माझ्याकडे आणि मत सरस्वतीबाईंकडे.

गोजरा महापेच्या एका रंगाच्या कारखान्यात होती. भिंतीचा पोपडा नाहीतर कपाटाचं झाकण तिच्यापुढे ठेवायचं आणि तिनं तस्साच रंग जुळवून द्यायचा, हे तिचं काम. तक्ता नाही, माप नाही, नुसती नजर. त्या नजरेला एक वाईट खोड होती. जिन्यात भेटली की ती आपल्या तोंडाकडे नको तितका वेळ बघायची. एकदा मी चिडून विचारलं, "काय गं, काय लागलंय माझ्या तोंडाला?" तर म्हणते कशी, "काय नाय वयनी. गाल आनि मान दोन रंगाची झालीत. पावडर चुकलीय तुमची." खरं असलं म्हणून काय जिन्यात सांगायचं?

तरी तिच्यावाचून आमचं अडायचं. साडीवर ब्लाउजपीस घ्यायचा की गोजराला दुकानात न्यायची. ती साडीचा पदर धरून दुकानाच्या दाराशी यायची, कारण ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतात असं तिचं म्हणणं, आणि तिनं निवडलेला तुकडा कधी चुकला नाही. परत आल्यावर ती चहाला बोलवायची. आम्ही "आत्ताच झाला हो" म्हणून आपापल्या मजल्यावर जायचो. तांबे मंडळी महाडकडची, बौद्ध. इमारतीत कुणी कधी कुणाची जात काढली नाही. आम्ही शिकलेल्या होतो. आम्ही फक्त चहा टाळायचो.

आता बाटलीबद्दल. सरस्वतीबाईंचा भाऊ मस्कतला होता. त्यानं बहिणीला तोंडाला लावायचं फाउंडेशन आणलं. जाड काचेची बाटली, सोनेरी झाकण आणि त्यावर कुठल्याशा मडमेचं नाव. ते नाव सरस्वतीबाई दर वेळी वेगळं उच्चारायच्या. बाटली शोकेसमध्ये टीव्हीशेजारी उभी असायची. लग्नमुंजीला इमारतीतली एखादी बाई गेली तर तिच्या हाताच्या पाठीवर वाटाण्याएवढा थेंब मिळायचा, आणि त्या थेंबासाठी महिनाभर सरस्वतीबाईंच्या हो ला हो करावं लागायचं.

भावानं रंग निवडला होता तो बाटलीवरच्या मडमेला शोभेल असा. सरस्वतीबाई गव्हाळ. लावलं की त्यांचं तोंड नुकत्याच गिलावा केलेल्या भिंतीसारखं दिसायचं आणि त्याखाली मान आपली जुनीच. हे सगळ्यांना दिसत होतं. पण फॉरेनच्या मालाला नावं ठेवायची म्हणजे आपल्याला त्यातलं कळत नाही अशी कबुली देणं. तेव्हा आम्ही "काय तेज आलंय!" म्हणायचो. देशी डबी दुकानात सुखानं मिळत होती, ती घ्यायची सोडून आम्ही त्या बाटलीकडे डोळे लावून बसलो होतो.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर सरस्वतीबाईंच्या तोंडाला अचानक खरंच तेज आलं. गिलावा गेला. गाल आणि मान एका बाईची वाटायला लागली. तळमजल्यावरच्या दुर्गाबाई म्हणाल्या, "फॉरेनचं असंच असतं. लोणच्यासारखं मुरावं लागतं." आम्ही माना डोलावल्या.

त्यानंतर महिन्याभरानं मी गोजराकडे साडीला लावायच्या फॉलचा रंग विचारायला गेले. दार लोटलेलंच होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती सोनेरी झाकणाची बाटली उघडी, तिच्या तोंडात बारीक फनेल, आणि गोजरा वाटीतलं काहीतरी चमच्यानं आत सोडत होती. मला बघून ती दचकली.

"वयनी, कुनाला बोलू नका. सरस्वतीबायनी शपथ घातलीय. बाटली कवाच संपली त्यांची."

मग तिनं सगळं सांगितलं. सरस्वतीबाई मागच्या जिन्यानं आल्या होत्या, पदराखाली रिकामी बाटली घेऊन. गोजरानं औषधाच्या दुकानातून झिंकची पूड, ग्लिसरीन आणि गुलाबपाणी आणलं. रंगाला गेरू, मुलतानी माती आणि नखभर काजळ घातलं. दोनदा वस्त्रगाळ केलं, आणि सरस्वतीबाईंना खिडकीत उभं करून त्यांच्याच तोंडाशी जुळवलं. कारखान्यातला कणही त्यात नव्हता. "तो भिंतीचा रंग, ह्यो मानसाचा," ती म्हणाली. आणि वर एक नियम सांगितला: "दिसलं तर वाया गेलं. लावलंय असं कळताच कामा नये." तिच्या धंद्याची सगळी अक्कल त्यात होती आणि धंदा बुडायची सगळी सोयसुद्धा. आमच्या इमारतीत लावलेलं दिसावं म्हणूनच लावायचे.

पंच्याऐंशी साली कारखान्यात रंग जुळवणारं मशीन आलं. साहेबांनी गोजराच्या नजरेचं कौतुक केलं, नारळ-शाल दिली, आणि तिला डब्यांना झाकणं मारायला पाठवलं. पंधरा वर्षं जिच्या नजरेवर माल जात होता ती बाई झाकणं ठोकू लागली. महिनाभर ती जिन्यात कुणाच्या तोंडाकडे बघेना. मला ते बघवलं नाही. मग तिनं ठरवलं की नोकरी सोडायची आणि घरातच फाउंडेशन करून विकायचं. फॉरेनच्या तोडीचं, आपल्या रंगाचं आणि वाण्याकडे जाणाऱ्या बाईला परवडेल असं. परवान्याला सोसायटीचं ना-हरकत पत्र हवं होतं. तिनं रावसाहेबांकडे अर्ज केला. रावसाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा बायकांचा विषय आहे. मंडळ ठरवेल."

मंडळ म्हणजे सरस्वतीबाई. त्यांना सरळ नाही म्हणता येईना, कारण बाटली कोण भरतंय ते गोजराला ठाऊक. सरळ हो म्हणवेना, कारण गोजराची डबी उद्या नाक्यावर मिळू लागली तर शोकेसमधल्या बाटलीला कोण विचारणार? तेव्हा त्यांनी परीक्षा काढली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईच्या डाव्या गालाला फॉरेनचं लावायचं आणि उजव्याला गोजराचं. सगळ्या बघतील. जुळलं तर पत्र, नाहीतर नाही. आणि ती एक बाई म्हणून माझं नाव काढलं, कारण माझा रंग सरस्वतीबाईंच्या रंगासारखाच, आणि सेक्रेटरी निःपक्षपाती असते म्हणे.

म्हणजे दोन्ही गालांना गोजराचंच लागणार होतं. हे तिघींना माहीत होतं: सरस्वतीबाईंना, गोजराला आणि मला. मी मनात म्हटलं, बरंच झालं की! सारखंच दिसणार, कुणाची अब्रू जाणार नाही आणि गोजराला पत्र मिळेल. मला खरंच आनंद झाला होता. इतकं सरळ काम देव कधी कुणाला देत नाही.

संक्रांतीला सरस्वतीबाईंचा हॉल भरला. गोजरा जांभळी साडी नेसून आली, हातात स्टीलची डबी. कुंकवाची कोयरी फिरत फिरत तिच्यापाशी आली आणि तिला ओलांडून पुढे गेली. तिला ते नको होतं आणि द्यायचं कुणाच्या मनात नव्हतं, त्यामुळे तेवढं एक काम दोन्ही बाजूंच्या संमतीनं झालं. सरस्वतीबाईंनी बाटलीतलं माझ्या डाव्या गालाला लावलं, गोजरानं डबीतलं उजव्या. मग ती म्हणाली, "वयनी, खिडकीत चला. उजेडात बघू द्या सगळ्यांना." सरस्वतीबाई म्हणाल्या, "इथेच बरं दिसतंय. ट्यूब आहे की!"

बायका गोळा झाल्या. माझं तोंड म्हणजे बाजारातलं कलिंगड असल्यासारखं जी ती बोट लावून बघत होती.

"डावीकडे बघा हो, कसं आत मुरलंय!" दुर्गाबाई म्हणाल्या. "आणि उजवीकडे नुसतं वर बसलंय."

"वासच सांगतो फॉरेनचा."

"उजवी बाजू जरा काळपट नाही वाटत?"

"नाही म्हटलं तरी हातचं ते हातचंच."

दोन्हीकडे एकच वाटी, एकच चमचा, एकच हात. आणि तेवीस बायकांना दोन रंग दिसत होते, दोन वास येत होते. मला हसू आवरेना. पण मग सरस्वतीबाईंनी मसाला दुधाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "सेक्रेटरीबाई, तोंड तुमचं. तुम्हीच सांगा, काही फरक वाटतो का?"

गोजरा माझ्याकडे बघत होती. बाटलीचं गुपित फोडायची गरज नव्हती. "दोन्हीकडे सारखंच वाटतं" एवढे तीन शब्द पुरे होते आणि ते खरे होते. पण तेवीस जणींच्या नजरा माझ्या तोंडावर होत्या. पुढच्या संक्रांतीला आपल्याला कुठे बसवतील, हा विचार माझ्या डोक्यात आला. असल्या वेळी असलाच विचार येतो.

मी म्हणाले, "उजवीकडे जरा खाजतंय."

"बघा!" दुर्गाबाई म्हणाल्या आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

गोजराला बोलता आलं असतं. एका वाक्यात तिनं सरस्वतीबाईंना शोकेससकट खाली आणलं असतं. पण शपथ घेतली होती आणि ती शपथ पाळणारी बाई होती. तिनं डबीला झाकण लावलं, "येते" म्हणाली आणि गेली. मी वहीत लिहिलं: उजव्या गालास खाज सुटल्याचे आढळले. माझं अक्षर फार छान आहे, सगळे म्हणतात.

रावसाहेबांनी रहिवाशांच्या त्वचेच्या हितास्तव अर्ज नामंजूर केला. पाडव्याच्या सुमारास सरस्वतीबाई पुन्हा पदराखाली बाटली घेऊन मागच्या जिन्यानं गेल्या, तेव्हा गोजरानं दारातूनच सांगितलं, "नको बाय. माज्या मालानं खाज येते म्हनं." पुढे त्या बाटलीत सरस्वतीबाई काय भरत होत्या देव जाणे, पण गिलावा परत आला. दुर्गाबाईंचं म्हणणं पडलं की फॉरेनच्या मालाला आपली हवा सोसत नाही.

गोजरानं नोकरी सोडली आणि कराव्याला, जवळच्या जुन्या गावात, बायजाबाई नावाच्या घरमालकिणीकडे एक खोली घेतली. बायजाबाईची शेती सिडकोत गेली होती. आलेल्या पैशांतून तिनं चार खोल्या बांधल्या होत्या आणि भाडेकरूंवर ती राज्य करत होती. तिथे ना-हरकत द्यायला ती एकटी, आणि तिची काही हरकत नव्हती. पहिली डबीही तिनंच घेतली. "मी काली हाय," तिनं बजावलं होतं, "मना गोरी करू नको, गाव हसंल. मना मीच पायजे." इतकी वर्षं माणसांची तोंडं न्याहाळून गोजराला असं मागणारी पहिलीच बाई भेटली. वर्षभरात करावं आणि आजूबाजूच्या गावांत गोजराशिवाय हळद लागेना. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. ती चार बसस्टॉप पुढे गेली आणि विकू लागली.

सत्त्याऐंशीत माझ्या भाचीचं लग्न निघालं. डबी हवी हे निमित्त होतं. खरं म्हणजे त्या वहीतल्या ओळीनं मला दीड वर्ष झोप नीट लागू दिली नव्हती. मी बस पकडून कराव्याला गेले. खोलीत सहासात बायका बसल्या होत्या, बायजाबाई दाराशी खाटेवर. गोजरानं मला बघितलं, ओळख दाखवली, आणि पूर्वीसारखीच माझ्या तोंडाकडे नको तितका वेळ बघत राहिली. मग वाटीत रंग कालवायला लागली.

मी हळूच म्हणाले, "गोजरा, त्या दिवशी मी..."

"बसा खिडकीत," ती म्हणाली. तिनं माझ्या उजव्या गालाला बोटानं लावलं, कडा पुसल्या आणि मागे सरली. "खाजतंय?"

"नाही गं."

"मोठ्यानं बोला वयनी. गिऱ्हाइकं बसलीत."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. "नाही खाजत," मी म्हणाले. "तेव्हाही खाजलं नव्हतं. दोन्हीकडे सारखंच होतं."

बायजाबाई खाटेवर उठून बसली. "मंग तवा खाजतंय का बोलली गो?"

ह्या प्रश्नाला मी घरी पन्नास उत्तरं तयार केली होती. शपथ, सरस्वतीबाई, मंडळ. त्यातलं एकही त्या उजेडात टिकेना.

"हिचं चांगलं आहे म्हणायची लाज वाटली," मी म्हणाले. "हिचं आहे म्हणून."

बायजाबाईनं तोंड फिरवलं आणि बाहेर थुंकली. मी उठायला लागले, तर गोजरानं माझी हनुवटी धरून तोंड वळवलं आणि डाव्या गालाला लावायला घेतलं. मला माफ केलं म्हणून, की आलेलं गिऱ्हाईक अर्धं रंगवून सोडायचं नाही म्हणून, ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.