मामांचा उघडा स्लॅब

कामथडीत मामांनी घर बांधायला काढलं, तेव्हा हिशोबात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. निदान मामांचं तसं मत होतं. पुण्याचा एक इंजिनिअर मीच गंमत म्हणून सोबत नेला. इमारतीत वीज वाचवायचे सरकारी नियम त्याला तोंडपाठ होते.

"स्लॅबवर वीटचुन्याचा जाड थर द्या, वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवा, म्हणजे ऊन खाली उतरणार नाही," तो म्हणाला. "आज खर्च वाढेल, पण पंख्याच्या बिलात काही वर्षांत वसूल होईल."

मामांनी मिशीवरून सावकाश हात फिरवला. "सायेब, बिल यायच्या आदी लाईट तर असू द्या! हितं ती दुपारची कवा बगितली तुमी?"

गवंडी हसला, शेजारी हसले, मी तर पोट धरून हसलो. इंजिनिअर कागदात भारनियमनाचा रकाना शोधत बसला. तो नव्हताच.

दारातून मामी म्हणाल्या, "सायेब, भर दुपारी त्या सैपाकघरात चूल म्या पेटवायची. ते कुठं धरलंय?"

"ते यात येत नाही, मामी. यात फक्त वीज."

"बगा!" मामा गरजले. "सरकारबी धरत न्हाई!"

शिवाय आमच्याकडची रीत आडवी आली. स्लॅबवर गज उभेच सोडायचे, म्हणजे पुढं माडी चढवता येते. "म्होरल्या साली माडी झाली की खाली आपोआप सावली," मामा म्हणाले. त्या माडीच्या भरवशावर स्लॅब उघडा राहिला. माडी कधीच झाली नाही. गजांवर कावळे तेवढे बसत.

पुढच्या उन्हाळ्यात भाकऱ्या थापता थापता मामी चुलीपुढं घेरी येऊन पडल्या. "उपाशी असंल," मामांनी निदान केलं. दुसऱ्या दिवशी मामींनी काटवट, तवा, सगळं उचललं आणि कौलारू गोठ्याच्या पडवीत चूल मांडली. मामा नव्या घरात दोन दिवस रुसून ताटाची वाट बघत बसले. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हशीकडं पाठ करून जेवायला बसले.

"हितं गार वाटतंय," शोध लावल्यासारखे ते म्हणाले.

"व्हय ना? मग आमी ऱ्हातो हितं. म्हशी बांधा नव्या घरात."

मामांचा घास हातातच राहिला. "याड लागलंय का? त्या उकाड्यात दूध आटंल की त्यांचं!"