अष्टमीचे शरीफभाई चावीवाले

रोह्यात नदीचा पूल ओलांडून अष्टमीत शिरलं की उजव्या हाताला एक चिंचोळं दुकान लागतं. पाटी नाही. दारावरच्या खिळ्यांना शंभरेक कोऱ्या चाव्या टांगलेल्या आहेत, त्याच पाटीचं काम करतात. आत शरीफ नावाचे पंचेचाळिशीचे गृहस्थ बसतात. त्यांच्याबद्दल लिहून ठेवावं असं आठवडाभर मनात आहे. आज सगळी झोपल्यावर वही घेऊन बसले.

आम्ही गागोदे बुद्रुकचे. माझी मुलगी प्रणिता रोह्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. गावातून पेण, पेणहून वडखळ, नागोठणे करत रोहा. एसटीने जायचं तर निम्मा दिवस रस्त्यात, आणि संध्याकाळची शिफ्ट असली की परतीला काहीच नाही. म्हणून तिने पनवेलच्या एका दलालाकडून जुनी गाडी घेतली. मी मुळात भित्री. कॉलेजात माझा विषय मानसशास्त्र होता, पण त्याचा माझ्या स्वतःवर काही परिणाम झालेला नाही. गाडी दारात आली त्या दिवसापासून मी तिच्या वाटेकडे कान लावून असते.

गाडीची पूजा झाली तेव्हा गावदेवीच्या गुरवाने देवीच्या पायाशी ठेवलेली तांब्याची एक पट्टी दिली. ती मी चावीच्या काळ्या डोक्याला दोऱ्याने बांधली. दोरा सारखा सुटायचा. गणपतीच्या आधी पेणला बाजाराला गेले, तेव्हा सोनाराकडून त्या पट्टीची कडी करून घेतली. त्याने टोकं डाखाने सांधली आणि कडी चावीच्या डोक्याभोवती दाबून घट्ट बसवली. प्रणिता नुसती हसली. माझ्या जिवाला तेवढीच शांतता.

गणपती गेले आणि गाडीने छळायला सुरुवात केली. चावी फिरवली की इंजिन घरघरायचं, क्षणभर चालू व्हायचं आणि बंद पडायचं. पाच-सहा वेळा फिरवली की एखाद्या वेळी लागायची. एकदा लागली की मग दिवसभर तक्रार नाही. पेणच्या एका मेकॅनिकने बॅटरी बदलली. वडखळच्याने पेट्रोलचा पंप उघडून पाहिला. तिसऱ्याने सांगितलं, "जुनी गाडी हाय, असंच चालायचं."

मग निडीचा प्रकार झाला. तिच्या लॅबमधली नमिता निडीला राहते. तिला स्टेशनजवळ सोडायला प्रणिताने गाडी थांबवली, पिशव्या काढून द्यायला इंजिन बंद केलं, आणि मग गाडी काही केल्या लागेना. चार माणसांनी धक्का मारून पाहिला. दिवेलागणीला तिचा फोन आला, "आई, घाबरू नकोस." पाऊण तास चावी फिरवत राहिल्यावर गाडी एकदाची लागली.

त्या दिवशी आमच्या घरात निकाल लागला. आमचे हे, म्हणजे हैबतराव, फारसं बोलत नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "वडखळचा एक जण गाडी बघायला येतोय रविवारी. देऊन टाकू. पेणात बघेल ती दुसरी नोकरी."

पेणात तशी नोकरी नाही हे प्रणिताला माहीत होतं, मलाही होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "हे म्हणतात ते बरोबर आहे." खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं होतं.

नमितानेच तिला शरीफभाईंचा पत्ता दिला. शनिवारी दुपारची शिफ्ट होती. सकाळी लवकर निघून आधी त्यांना दाखवायचं तिने ठरवलं. ती एकटी जाणार म्हणून मी सोबत बसले.

शरीफभाईंनी गाडीचं बोनेट उघडलंच नाही. प्रणिताच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "लाव बघू." गाडी घरघरली, बंद पडली. त्यांनी वेग दाखवणाऱ्या काट्यांच्या खाली बोट दाखवलं. एक इवलासा लाल दिवा लुकलुकत होता, त्यावर चावीचं चित्र.

"हा दिवा कोनी बघितला नाय?"

"तो मला वाटलं सीटबेल्टचा," प्रणिता म्हणाली.

"सीटबेल्टचा म्हने! गाडी तुला वळखत नाय, ते सांगतेय ती. कधीपासून तरास?"

"गणपती झाल्यापासून."

"तेव्हा चावीला काय केलंत?"

त्यांनी चावी काढून उजेडात धरली, कडीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

दुकानाच्या मागच्या दारातून एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत बाहेर आल्या होत्या. त्यांच्या आई, सकीनाबी. त्यांनीही चावी पाहिली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "शरीफ, ही तर तुझ्या आयशीचीच बहीन निघाली रे!"

शरीफभाई हसले नाहीत. त्यांनी टेबलावर एक धुतलेलं फडकं पसरलं, त्यावर पक्कड ठेवली आणि म्हणाले, "ताई, ही देवाची वस्तू हाय. मी नाय तोडनार. तुम्हीच काढा, या फडक्यात ठेवा."

मी कडी कापली. त्यांनी चावी प्रणिताला दिली. "आता लाव."

लाल दिवा एकदा उजळला आणि विझला. गाडी लागली. त्यांनी ती दहा वेळा बंद करून पुन्हा चालू करायला लावली, आणि दहाही वेळा ती लागली. मी गाडीच्या दाराला धरून उभी होते.

मग त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावलं. मी समजून घेतल्याशिवाय उठणार नाही हे त्यांनी ओळखलं असावं. चावीच्या काळ्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते. तिला स्वतःचा सेल नसतो, ती झोपलेली असते. आपण चावी घालतो त्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की ते वेटोळं मधे तार नसतानाही चिपला थोडी वीज पोचवतं. चिप जागी होते. गाडी तिला एक प्रश्न विचारते, दर वेळी वेगळा, आणि चिप त्याचं उत्तर देते. उत्तर बरोबर आलं तर गाडी इंजिनाला पेट्रोल देते. नाही आलं तर दोन क्षणांत बंद करते. चावीचे दात कितीही हुबेहूब घासले तरी चिपशिवाय उपयोग नाही. म्हणून धक्का मारूनही गाडी लागली नव्हती.

"आणि कडी?" मी विचारलं.

"तांब्याची बंद कडी मधे आली की ती वीज तीच खाते. चिपपर्यंत पुरत नाय. कधी जेमतेम पुरली तर गाडी लागायची. दोऱ्यानं बांधलेली होती तवर पट्टीचं तोंड उघडं होतं, म्हनून चालत होतं. सोनारानं सांधली आनि संपलं." मग प्रणिताकडे वळून म्हणाले, "आयशीला बोलू नको. तिनं चोराला अडवायला कुलूप घातलं, ते मालकालाच लागलं, एवढंच."

"बोलतेय कुठे?" प्रणिता म्हणाली. "तीन मेकॅनिकांना जे उमगलं नाही ते हिने एकटीने करून ठेवलं होतं." आणि हसत सुटली. महिनाभरात ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

सकीनाबींनी चहा मागवला आणि स्वतःची कथा सांगितली. शरीफ बावीसचा असताना शारजाला गेला, गाड्यांच्या चाव्यांच्या दुकानात. त्याने तिथे गाडी घेतली तेव्हा यांनी गावच्या माणसाबरोबर पत्र्याचा ताईत पाठवला आणि निरोप दिला, चावीला बांध. "यानं बांधला हो! गाडी लागंना तर शेठ म्हनाला, काय रे, आमच्या दुकानात काम करतोस आनि तुझीच गाडी उभी?"

"म्हनून तर लगेच कळलं," शरीफभाई म्हणाले. "मला काय जादूचा इल्म हाय?"

त्यांचे वडील रोह्याच्या बाजारात गोणपाटावर बसून कानशीने चाव्या घासायचे. शरीफभाई शारजात अकरा वर्षं राहिले. सकीनाबींना अर्धांगाचा झटका आला तसे परत आले. लोक परत येताना सोनं आणतात, हे गाडीला नव्या चाव्यांची ओळख करून देणारं एक मशीन घेऊन आले. अष्टमीत सगळे हसले, बापानं घासल्या त्याच चाव्या हाही घासायला बसला, म्हणून. त्यांच्या बायकोने, उजमाने, दुकानाची जागा स्वतः झाडून काढली आणि म्हणाली, बस इथे. सुरुवातीला दिवसचे दिवस कुणी यायचं नाही.

चहा झाल्यावर त्यांनी प्रणिताला विचारलं, "गाडी जुनी घेतलीस ना? किती चाव्या मिळाल्या?"

"एकच."

त्यांनी तिचं आधार कार्ड आणि गाडीचं पुस्तक मागून घेतलं, नाव जुळवून पाहिलं. मग ते मशीन स्टेअरिंगखालच्या खोबणीत जोडलं. बराच वेळ आकडे येत राहिले. मग त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. गाडीच्या स्मरणात तीन चाव्या होत्या.

दोन चाव्या कुणाकडे तरी होत्या. कुणीतरी कधीही माझ्या मुलीची गाडी उघडून चालू करू शकत होतं.

"घाबरू नका ताई, त्यासाठीच बघतोय." गाडीचा गुप्त कोड घालून त्यांनी आधी तिन्ही चाव्या गाडीच्या स्मरणातून पुसल्या. मग प्रणिताची चावी घालून दिवा विझेपर्यंत थांबले. मग दुसरी, नवी, चिपवाली चावी दुकानातल्या कापायच्या मशीनवर कापली, तीही घातली, तीही गाडीने ओळखली. "आता दोनच. बाकीच्यांनी दार उघडेल एखादं, पन गाडी हलायची नाय."

प्रणिता हात धुवायला आत गेली तेव्हा मी त्यांना हळूच म्हटलं, "भाई, मला तिसरी करून द्या ना. तिला सांगू नका."

"कशाला?"

असावी माझ्याकडे, असं काहीतरी म्हटलं. एखाद्या दिवशी तिला अडवावंसं वाटलं तर तिच्या चाव्या लपवता याव्यात, आणि तरी गाडी आपल्या हातात राहावी, असं मनात होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

त्यांनी मशीन बंद केलं. "ताई, दुकान लावलं तेव्हा पहिल्याच वर्षी एक जन आला. घरचीच गाडी, चावी हरवली म्हनाला. गिऱ्हाईक नव्हतं, मी कागद नाय बघितले, करून दिली. गाडी त्याच्या भावाची होती, दोघांचा दावा चालू होता. भाऊ सकाळी उठला तर दारात गाडी नाय. पोलीस माझ्याकडे आले ते सोडा. पन तो भाऊ दुकानात येऊन मला म्हनाला, तू माझ्या घरात त्याला घुसवलंस. तेव्हापासून गाडी ज्याच्या नावावर त्याला इचारल्याबिगर चावी करत नाय. माझ्या आयशीनं मागितली तरी नाय. पोरीला इचारा. ती व्हय म्हनाली तर दहा करून देतो."

ते रागावून बोलले नव्हते. मला मात्र कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं. प्रणिता बाहेर आली, मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. त्यासाठी मी त्यांची किती ऋणी आहे हे त्यांना कधी कळणार नाही. गाडी तर कुणीतरी कधीतरी दुरुस्त केलीच असती.

दोन वाजायला आले होते. प्रणिता म्हणाली, "आई, तुला स्टेशनला सोडते आणि शिफ्टला जाते." नवी चावी तिने स्वतःहून माझ्या पर्समध्ये टाकली. "ही घरी ठेव. माझी हरवली तर तुलाच फोन करणार आहे." मी रोह्याहून पेणच्या गाडीत बसले, आणि निडीचं स्टेशन गेलं तेव्हा खिडकीतून बाहेर पाहिलं. भीती वाटली नाही.

रविवारी वडखळचा माणूस ठरल्याप्रमाणे आला. गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारून पाहिली, काचेवरून बोट फिरवलं. हे ओटीवर बसले होते. प्रणिता दारात उभी होती, वडिलांसमोर बोलायचं की नाही ते ठरवत. मी चहाचा कप त्या माणसाच्या हातात दिला आणि म्हटलं, "दादा, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. गाडी द्यायची नाही."

ह्यांनी मान वर केली. "तूच ना म्हणालीस, बरोबर आहे म्हणून?"

"म्हणाले होते," मी म्हटलं. "चुकलं. गाडीला काही झालेलं नव्हतं. जे झालं ते माझ्यामुळे झालं." आणि कडीची सगळी हकिगत त्या परक्या माणसासमोरच सांगून टाकली. तो इतका हसला की त्याचा चहा बशीत सांडला. ह्यांनी बशी त्याच्या हातातून घेऊन खाली ठेवली. मग प्रणिताला विचारलं, "उद्या शिफ्ट किती वाजता?"

"आठची."

"मग सहाला निघ. नागोठण्याच्या पुढे रस्ता खोदलाय."

सोमवारी ती सहाला निघाली. मी फाटकापर्यंत गेले. पोचल्याचा फोन साडेसातला आला, मी तोवर काही खाल्लं नव्हतं, ते काही बदललेलं नाही. पण फोन ठेवल्यावर मी दुसरा नंबर लावला, शरीफभाईंना सांगितलं, पोरगी नोकरीवर गेली.

ते म्हणाले, "जानारच. तुम्ही काय खाल्लंत का नाय?"