सरफराजचा हप्ता

फरहतबाई अहेरीच्या एका अनुदानित शाळेत भूगोल शिकवत. नवरा सरफराज मूलला असे. तिथं त्याचं रेडिओ-कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. २००१च्या उन्हाळ्यात त्यानं तलाक दिला. इद्दतीचे, म्हणजे तलाकनंतर बाईनं घरात राहायचे, तीन महिने बाईंनी भद्रावतीला, आई खुर्शीदाच्या घरी काढले आणि शाळेत कळवलं की टायफॉइड झाला आहे. परतल्यावर मराठी शिकवणाऱ्या कुंताबाईंनी त्यांच्यासाठी आठवडाभर डब्यातून मऊ भात आणला. बाईंनी तो खाल्ला. त्यानंतर खरं सांगणं आणखीच अवघड झालं.

दर फेब्रुवारीत शाळेचे बाबू गुणवंतराव सगळ्यांचे इन्कम टॅक्सचे कागद करायला स्टाफरूममध्ये बसत. कोणाचा किती विमा, कोणाचं किती कर्ज, हे मोठ्यानं वाचायची त्यांना सवय होती. फरहतबाईंच्या कागदावर लग्नापासून एक ओळ असे: पतीच्या विम्याचा हप्ता. नवऱ्याच्या विम्यावर बायकोला करात सूट मिळे, म्हणून पॉलिसी सरफराजची आणि पैसे बाईंचे. तलाकनंतर ही सूट घेता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण ओळ गाळली तर गुणवंतराव विचारणार, आणि सगळ्यांसमोर विचारणार. म्हणून पुढची दोन वर्षं बाई मूलच्या विमा एजंटला हप्ता पाठवत राहिल्या. ज्यानं सोडलं त्याचा विमा चालू ठेवला, तो एका पावतीसाठी. मनिऑर्डर करताना मागं ओळखीचं कोणी उभं असलं की त्या फॉर्मवर तळहात ठेवत.

तिसऱ्या जानेवारीत त्यांनी एजंटला फोन लावला, तर तो चाचरत बोलू लागला. यंदाचा हप्ता सरफराजभाऊंनी स्वतः भरला होता. तलाकनंतरही तो कोण भरत होतं, हे सरफराजभाऊंना आत्ताच कळलं होतं.

"तुमच्यासाठी काही निरोप हाय," एजंट म्हणाला. "म्हणे, तिले सांगा, आता माह्यावर उपकार करू नोको."

बूथमधून निघाल्यावर बाई आठवडी बाजारातून सरळ घरी गेल्या. पिशवी रिकामीच होती.

फेब्रुवारीत त्यांचा कागद वाचता वाचता गुणवंतराव थांबले. "म्याडम, भाऊजीचा हप्ता नाई लिवला. पावती घरी राह्यली का?"

पावती हरवली, असं सांगायचं बाईंनी घरून ठरवून आणलं होतं. पण मग पुढच्या वर्षी काय सांगायचं, हा विचार आला आणि त्या बोलून गेल्या. "पावती नाई. माहा तलाक झाला."

"कधी?"

"टायफॉइड झाला म्हणलं होतं, तवा."

गुणवंतरावांनी जुनी फाइल उघडली आणि मागच्या दोन पावत्यांवर बोट ठेवून बाईंकडे पाहिलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली. कुंताबाईंच्या लक्षात आलं. "अवो बाई, नवरा सुटला अन् हप्ता नाई सुटला?"

स्टाफरूम हसली. तलाक सांगितला तर लोक कसे बघतील, हे बाईंनी हजार वेळा मनात पाहिलं होतं. हे हसू त्यात कुठंच नव्हतं.

"तुमी विचारसान म्हून भरला," त्या गुणवंतरावांना म्हणाल्या.

त्यांनी आवाज खाली आणला. मागची वर्षं आता बंद झाली, ती सूट कोणी परत मागत नाही, असं त्यांनी समजावलं. बाईंनी ऐकलं नाही. मग बँकेत स्वतः चलान भरावं लागेल म्हणत ते दोन वर्षांच्या कराचा फरक काढू लागले. मध्येच त्यांचं पेन थांबलं.

"पीएफले वारस कोण हाय तुमच्या?"

सगळे कागद वेगळे केले, असं त्यांनी आईला कधीचंच सांगून टाकलं होतं. "अजून तेच हायेत," बाई म्हणाल्या.

या वेळी कोणी हसलं नाही. गुणवंतरावांनी कपाटातून वारसाचा कोरा फॉर्म काढून दिला. बाईंनी त्यावर खुर्शीदाचं नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात आई. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या. एक गुणवंतरावांनी केली. दुसरीसाठी फॉर्म कुंताबाईंच्या टेबलाशी न्यावा लागला.

कुंताबाईंनी न वाचताच सही केली आणि मान खाली घालून बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिल्या.