हात मिळवल्याशिवाय घरी जायचं नाही

स्टेनविकच्या हँडबॉल क्लबात एक रीत होती. सराव संपला की मुली पांढऱ्या रेषेवर ओळीने उभ्या राहायच्या. प्रशिक्षक रूनो सेडरहोल्म एकेकीपुढे यायचा, डोळ्यांत बघायचा, हात मिळवायचा आणि म्हणायचा, "आजच्याबद्दल आभार." तीही तेच म्हणायची. मगच घरी. जिंकलेलं असो, हरलेलं असो, आपसांत वाजलेलं असो.

त्या वर्षी पानगळ सुरू झाली आणि रूनोने ही रीत बंद केली.

"सर्दीची साथ आहे," तो म्हणाला. "हात खिशात घाला आणि पळा."

त्याचा उजवा हात आधीच खिशात होता. तो थरथरत होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव उन्हाळ्यातच सांगितलं होतं. ते फक्त बायकोला, सीवला, ठाऊक होतं.

"सांगून टाक पोरींना," सीव म्हणाली.

"कीव करतील."

"करू देत की."

"कीव आली की पोरी चेंडू जोरात फेकत नाहीत. जपून फेकतात. मग मला तिथे काय काम?"

सीवने कॉफी ओतली. "आयुष्यभर तुझ्या राळेने माखलेल्या दाराच्या मुठी पुसल्या मी. मला कधी कीव आली नाही तुझी. रागच आला."

राळेचं खरंच होतं. चेंडू हातातून निसटू नये म्हणून खेळाडू बोटांना पाइनची राळ लावतात. थोडी बुटाच्या टाचेवर थापून ठेवतात, पळता पळता बोट टेकवून घेतात. रूनो तरणा होता तेव्हा ती राळ घरभर पसरायची. दाराला, सायकलला, लोण्याच्या डब्याला. साबणाने ती निघत नाही. तेलानेच निघते. लग्नाच्या दिवशी पाद्र्याशी हस्तांदोलन करताना दोघांचे हात चिकटले होते. ती गोष्ट स्टेनविकमध्ये अजून सांगतात.

रूनोचा बाप ग्रॅनाइटच्या खाणीत पाथरवट होता. पोरगाही तिथेच जाणार होता. पण माशांच्या कारखान्यामागे क्लबाचं सभागृह उभं राहिलं आणि खाणीतल्या होल्गर नावाच्या माणसाने त्याला आत ओढलं. होल्गर प्रशिक्षक होता. सुरुंगात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. तो उरलेल्या तीन बोटांनी हात मिळवायचा, चिमट्यासारखा. रेषेवरची ती रीत त्याचीच.

मैदानाच्या डाव्या बगलेवरून, कोपऱ्यातून उडी घेऊन, हवेतच आडवा होऊन रूनो चेंडू मारायचा. समोरच्या गोलरक्षकाला तो आधी दिसायचाच नाही. एकदा राष्ट्रीय संघाने बोलावलं. सगळे सामने बाकावर बसून काढले आणि परत आला.

"कसं काय होतं?" गावाने विचारलं.

"बाक चांगला होता," रूनो म्हणाला. "आपल्यासारखे खिळे वर आलेले नव्हते."

पुढे गुडघा गेला. तो शाळेत शिपाई झाला आणि संध्याकाळी मुलींना शिकवू लागला. त्याने आधी शिकवलेल्या मुलींच्या मुली आता त्याच्याकडे खेळत होत्या.

आता तो कप धरण्यासाठी बोटांना राळ लावायचा. कप हलायचा, पण पडायचा नाही. सीव सभागृहातल्या खिडकीवर बसून कॉफी आणि पावातलं सॉसेज विकायची. तिला हे दिसायचं.

मग शनिवारचा सामना झाला. शेवटच्या क्षणी यिल्वाच्या हातांखालून चेंडू गोलात गेला. यिल्वा गोलरक्षक. बगलेवरची नेली तिच्यावर ओरडली, "तुझ्या जागी दार उभं केलं असतं तरी चेंडू अडला असता."

"दाराला निदान तुझी बडबड ऐकावी लागली नसती," यिल्वा म्हणाली.

असं पूर्वीही व्हायचं. पण तेव्हा शेवटी रेषा असायची. समोरासमोर यावं लागायचं, हात द्यावा लागायचा. त्या दिवशी दोघी दोन दारांनी गेल्या. मंगळवारी दोघीही आल्या नाहीत. उरलेल्या मुली सभागृहाच्या दोन टोकांना उभ्या राहून बूट बांधत होत्या. कोणी कोणाकडे चेंडू टाकेना.

रूनो बाकावर बसून बघत राहिला. त्याला होल्गरचा हात आठवला. इतकी वर्षं तो हात हातात घेतला. पण त्या हाताची कीव आल्याचं काही केल्या आठवेना.

त्याने घरी जाऊन दोघींना फोन केला. "गुरुवारी ये. खेळू नकोस हवं तर. फक्त रेषेवर उभी राहा."

गुरुवारी दोघी आल्या. ओळीच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या. रूनोने कॉफी संपवली आणि यिल्वापुढे जाऊन खिशातून हात काढला. हात थरथरत होता. सगळ्यांना दिसत होता.

"आजच्याबद्दल आभार," तो म्हणाला.

यिल्वा हाताकडे बघत राहिली. "आम्हाला वाटलं, तुला आमचा राग आलाय. म्हणून हात देत नाहीस."

"मलाही तेच वाटलं," पलीकडच्या टोकाहून नेली म्हणाली.

रूनोला हे कधी सुचलंच नव्हतं. "राग नाही," तो म्हणाला. "हात माझं ऐकत नाही आता. आजार आहे. बरा व्हायचा नाही. शिट्टी मात्र अजून वाजते."

यिल्वाने हात धरला. चेंडू धरते तसा, घट्ट. मग सोडायला गेली तर सुटेना.

"रूनो, राळ लावलीस की काय?"

"कपासाठी," तो म्हणाला.

आधी नेली हसली. मग सगळ्याच. सीव खिडकीतून तेलाची बाटली घेऊन आली. "पाद्र्यानंतर आज," एवढंच म्हणाली.

तेलाने हात सुटले. रूनोने यिल्वाला खांद्याला धरून नेलीसमोर उभं केलं. "आता तुम्ही." दोघींनी इकडेतिकडे बघत हात मिळवला. "दाराबद्दल सॉरी," नेली पुटपुटली.

मग तो नेलीच्या टोकाकडून मागे निघाला, एकेकीपुढे. शेवटी सर्वांत लहान मुलगी होती, क्लबात नुकती आलेली. तिने त्याचा हात जपून, बोटांच्या टोकांनी धरला, पाखरू धरावं तसा.

"जोरात," रूनो म्हणाला.

तिने दाबला.

"अजून."