रिसॉर्ट की क्रूझ: खाणावळवालीला जेवायला कुठे न्यावं

सगळ्यांना नमस्कार. आधी खुशाली, मग बोटीचं. गिरगावच्या कुमुदताई, गुडघा आता जिना चढू देतो का? शीवचे नाना, मोतीबिंदू काढल्यावर अक्षरं स्वच्छ दिसतात ना? तुमच्यासाठीच टाईप मोठा ठेवलाय. दादरच्या सुनंदाबाई, सून आणि नात दोघी सुखरूप आहेत असं कळलं, बाळाचं वजन भरलं का? आणि आमच्या जुन्या चाळीतला सदा, तू दुबईत बसून वाचतोस, पाठीचा पट्टा लावतोस की नाही? आमच्याकडे मी ठीक. बीपी गोळीच्या धाकात आहे. मंडळींचं विचाराल, तर आजचं सगळं तिच्याबद्दलच आहे.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मुलगी संगीता घरी आली आणि मोबाईलवर दोन चित्रं दाखवली. एकात समुद्रकाठचं रिसॉर्ट, नारळाच्या झाडांना झोपाळे टांगलेले. दुसऱ्यात पांढरीशुभ्र बोट, आम्ही आता राहतो त्या टॉवरपेक्षा उंच.

"बाबा, दोन्ही ऑल इन्क्लुझिव्ह. म्हणजे राहणं, नाश्ता, दोन वेळचं जेवण, चहा, सगळं आत धरलेलं. कुठे जायचं ते तुम्ही ठरवा. मला फक्त आई बसलेली बघायचीय."

तुमच्यापैकी काहींना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमची मंडळी, सुमन, लालबागला खाणावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, अर्ध्यात चूल, अर्ध्यात पंगत. आमच्या गावचे गिरणीत लागलेले गडी दोन वेळा जेवायला यायचे. मी साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागावर होतो. मग संप झाला, गिरण्यांचे भोंगे थांबले, कितीतरी माणसं गावी निघून गेली. जी राहिली त्यांच्यासाठी हिची चूल पेटत राहिली. कधी कुळथाची पिठी आणि भात, कधी नुसती पेज, पण पेटत राहिली. मी साच्यावरून सुटलो आणि हिच्या हाताखाली लागलो. पुढे परळच्या ऑफिसांत आमचे डबे जाऊ लागले, मुलगी शिकली, घर उभं राहिलं. लोक म्हणतात गिरणगाव संपलं. मी म्हणतो, आमच्या खोलीत ते जेवत होतं.

पण खाणावळीचा एक नेम असतो. शेवटचं ताट उठेपर्यंत वाढणारी बाई जेवत नाही. कुणाची पाळी उशिरा सुटते, कुणाबरोबर गावचा पाहुणा येतो. बाई आधी जेवली आणि मागून आलेला उपाशी गेला, तर ती खाणावळ कसली? सुमन इतकी वर्षं अशीच जेवली, सगळ्यांच्या मागून, खरवडीचा भात आणि तळाची आमटी. खाणावळ बंद होऊन जमाना झाला तरी घरात आजही तेच. मला एवढंच हवं होतं की एकदा तरी तिनं पंगतीत बसून गरम जेवावं. संगीताच्या दोन चित्रांतून मला तेच शोधायचं होतं.

रिसॉर्टचा अनुभव आम्हाला होता. मागल्या वर्षी पुतण्यानं अलिबागच्या बाजूला दोन दिवस नेलं होतं. जागा छान. खोलीतून चार पावलांवर वाळू, म्हाताऱ्या माणसाला चढउतार नाही, कंटाळा आला की बाहेर पडून गावात फिरता येतं. पण स्वयंपाकघराला मागचं दार होतं. दुसऱ्या जेवणाला आमची मंडळी त्या दारातून आत गेली आणि तिथल्या बायकांना कालवणाचं वाटण दाखवत बसली. निघताना त्या बायका हिच्या गळ्यात पडल्या, मालकानं पुन्हा या म्हणून सांगितलं, आणि ही जेवली सर्वांच्या शेवटी, पाटावर. म्हणून मी बोट ठरवली. म्हटलं, बोटीच्या स्वयंपाकघराला हिच्यासाठी दार नसणार.

"बोट कित्याक?" तिनं विचारलं. "पूर्वी आगबोटीन गावाक जाताना तुमका सारखी वकारी येय."

"तेव्हा डेकवर वळकटी टाकून जायचो," मी म्हटलं. "आता खोली आहे."

मुंबईहून निघून एक दिवस समुद्रात, एक दिवस गोवा आणि परत, अशी ही सफर. पावसाळ्यात या बोटी बंद असतात, थंडीतलं तिकीट आधीच काढावं लागतं. खिडकी नसलेली खोली बरीच स्वस्त पडते, पण म्हाताऱ्यांनी खिडकीची घ्यावी, नाहीतर दिवस की रात्र कळत नाही. आणि खोली बोटीच्या मध्यावर मागा, तिथं डुलणं कमी. मला सांगितलं होतं आमच्या डॉक्टरांनी, गोळीही दिली होती, आणि सांगायला आनंद वाटतो की या खेपेला एकदाही वकारी आली नाही.

लालबागहून टॅक्सीनं बॅलार्ड पियरला पोचलो. आधारकार्ड हाताशी ठेवा, तीन ठिकाणी बघतात. सामान यंत्रातून जातं. तिथं आमचं अडलं. सुमनच्या पिशवीत बेसनाचे लाडू, चिवडा आणि वर कुळथाचं पीठ.

"आजी, बाहेरचं खायचं आत नेता येत नाही," तिथली मुलगी म्हणाली.

"ह्या बाहेरचा नाय गो, घरचा आसा."

मुलगी हसली, पण नियम तो नियम. तेव्हा सुमननं डबा उघडला आणि रांगेतल्या पोराटोरांना लाडू वाटून टाकले. आमच्या मागे दादरचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई होत्या. त्यांनी लाडू खाल्ला आणि त्या क्षणापासून त्या बाई सुमनच्या मैत्रीण झाल्या. चिवडा आणि पीठ मात्र तिथंच ठेवून जावं लागलं. तर घरून काही नेऊ नका.

बोट सुटली तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर उभे होतो. मुंबई हळूहळू मागं सरकत होती. आगबोटीनं जायचो तेव्हा जागा धरण्याच्या धांदलीत मुंबई कधी अशी बघितलीच नव्हती. सुमननं पदर घट्ट खोचला आणि कठडा धरून बघत राहिली.

पहिलं जेवण. हॉल केवढा, तर आमच्या मंडळाचा मंडप तीनदा मावेल. चहूबाजूंनी जेवण मांडलेलं. भाज्या, मासे, जैनांचं वेगळं, चायनीज, गोडाचं एक अख्खं टेबल. मी ताट भरून आणलं. सुमन खुर्चीवर बसली, हात मांडीवर.

"घे की."

"तुमी जेवा. अजून माणसा येतत."

खरंच येत होती. एक टोळी उठली की दुसरी येई. बुफे म्हणजे अशी पंगत, जिचं शेवटचं ताटच उठत नाही. मी जेवलो, मास्तर जेवले, बाई म्हणाल्या, "अहो सुमनताई, पैसे भरून झालेत, आता उपास कसला धरताय?" ती हसली आणि दाराकडं बघत राहिली. शेवटी पोरं भांडी झाकायला लागली तेव्हा ही उठली. तोवर काय उरलं होतं? पाव आणि फळं. खोलीत किटली होती, त्यावर चहा करून तिनं पावाचा तुकडा बुडवला आणि म्हणाली, "बरा झाला."

सकाळच्या नाश्त्यालाही तेच. डोसे गरम, पोहे गरम, आणि ही दाराकडं तोंड करून. मी मनात म्हटलं, बाबा रे, रिसॉर्ट परवडलं असतं. तिथं निदान आत जाऊन भांडं संपलेलं बघितलं असतं तिनं. इथं तिला मागचं काही दिसत नाही, म्हणून तिचा नेम सुटत नाही. रागावून सांगावं तर ती माझं ऐकून दोन घास घेईल, पण ते जेवण नव्हे.

त्या दिवशी बोट नुसती समुद्रात होती. पोहायच्या तलावाशी गर्दी, कुठं गाणी, कुठं पत्ते. आम्ही किनाऱ्याकडच्या बाजूला बसून राहिलो. दूर निळसर रेघ दिसे, तिकडंच कुठंतरी आपलं गाव, असं म्हणत वेळ गेला. दुपारचं जेवण लागलं. पुन्हा ताट, पुन्हा हात मांडीवर.

इतक्यात उंच पांढरी टोपी घातलेला एक पोक्त माणूस आमच्या टेबलाशी आला. मुख्य आचारी. कारवारचा, त्यामुळं बोलणं आपल्यासारखंच. वाढणाऱ्या पोरांनी त्याला जाऊन सांगितलं असणार.

"आजी, जेवणात काय कमी आहे? कालपासून तुम्ही ताटाला हात लावला नाही म्हणतात."

"कमी कायएक नाय," सुमन म्हणाली. "पण माणसा येतत मा अजून."

"येऊ देत. भांडं रिकामं व्हायचं नाही."

"ता खरा. पण तुझा जेवान झाला?"

त्याला हा प्रश्न टेबलावरून कुणी विचारत नसावं. मी मधे बोललो. म्हटलं, हिनं लालबागला खाणावळ चालवली आहे, गिरण्या चालू असताना आणि बंद पडल्यावरही, आणि सगळे उठल्याशिवाय ही कधी जेवली नाही. शेजारच्या टेबलावरचे लोकही ऐकायला लागले होते. माझा आवाज जरा मोठाच झाला होता, पण मी तो कमी केला नाही.

आचाऱ्यानं टोपी काढून काखेत धरली आणि सुमनच्या समोरची खुर्ची ओढून बसला.

"आजी, माझं जेवण कसं होणार? हे सगळे उठणार, मग माझी पोरं जेवणार, मग पातेली बघून शेवटी मी."

"म्हंजे शेवटचो तू."

"शेवटचा मी. आणि शेवटचा एकच असतो. ती जागा बोटीवर माझी आहे, तुम्हाला द्यायची नाही."

सुमननं त्याच्याकडं नीट बघितलं. "तुका काय रवता तरी?"

"राहतं. आमटी-भात राहतो. कधी नशिबानं मासा."

"झाकून ठेवतंस मा वायच?"

"ठेवतो."

तिनं हात मांडीवरून उचलले आणि ताट पुढं ओढलं. "मग वाढ."

तो स्वतः उठून गेला आणि गरम भात, माशाची आमटी, तळलेला बांगडा घेऊन आला. स्वतःच्या हातानं वाढलं. सुमननं पहिला घास घेतला. अख्ख्या हॉलचं माहीत नाही, पण आमच्या टेबलावरचे सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"मीठ बरोबर आसा," ती म्हणाली. आचारी असा खुलला की विचारू नका. त्याला काय ठाऊक, हे प्रशस्तिपत्र मला पन्नास वर्षांत दोनदाच मिळालंय. मग तिनं वाटी पुढं केली. "वायच आमटी आणखी." सुमनला जास्तीचं मागताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मास्तरांच्या बाई डोळे पुसत होत्या. मी पुसले नाहीत, मी आजूबाजूला बघत होतो, सगळे बघतायत ना ते.

पुढं गोवा. बोट सकाळी धक्क्याला लागते, संध्याकाळी सुटते. बाहेर टॅक्सीवाले घेरतात, भाव आधी ठरवा आणि चौघं मिळून करा. आम्ही मास्तरांबरोबर मंगेशीचं दर्शन घेतलं, पणजीत फेरी मारली. बाईंना काजू घ्यायचे होते, दुकानात रेंगाळल्या. सुमन दारात उभी राहून म्हणाली, "चला गो लवकर, पंगत बसात." बोटीवर परतून ती ताठ मानेनं हॉलमध्ये शिरली, मधलं टेबल धरलं आणि सगळ्यांच्या आधी बसली. आत जाताना आचाऱ्याला हात करायला मात्र विसरली नाही.

आता तुम्ही विचाराल, दोन्हीत बरं काय. बोटीवर एकदा सामान लावलं की उचलायचं नाही, लिफ्ट आहे, डॉक्टर आहे. पण दारू, मालिश, इंटरनेट हे 'सगळं आत'मध्ये नाही, त्याचं वेगळं पडतं. आणि मधे उठून घरी जाऊ म्हणता येत नाही. रिसॉर्टला वाळू पायाखाली, माणसं कमी, शांतता जास्त, आणि बेत बदलता येतो. गुडघे दुखणाऱ्यांनी रिसॉर्ट घ्यावं. ज्यांना घरातलं काम सुटत नाही त्यांनी बोट.

घरी आलो तेव्हा संगीता आलेली होती. शेजारच्या बायकाही जमल्या. सुमननं त्यांना पोहायचा तलाव सांगितला नाही, गाणी सांगितली नाहीत, गोवाही नाही. "पंगतीत मधे बसून जेवलंय," एवढंच सांगितलं, आणि कुठल्या दिवशी काय काय होतं ते एकेक पदार्थ घेऊन सांगितलं. आमच्या घरात मात्र त्या रात्री ती शेवटीच जेवली. हे घर तिचं आहे, इथली ती जागाही तिची.

संगीतानं मात्र विचारलंच, "आई, पुढच्या वर्षी रिसॉर्टला जाऊया? या वेळी चांगलं मोठं बघते."

सुमन म्हणाली, "आधी तेंका इचार, थय शेवटाक कोण जेवता. मग सांगतंय."

तर मंडळी, माझं काम तुमच्याकडं आहे. तुमच्यापैकी जे कुणी समुद्रकाठच्या रिसॉर्टला जाऊन आले असतील किंवा जाणार असतील, त्यांनी तिथल्या आचाऱ्याला तेवढं विचारून मला लिहा. लवकर लिहा, तिकिटं काढायची आहेत.