कोरफडीचं क्रीम आणि वहिनीची कोळंबी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या बायकोपासून अख्ख्या लालबागेत काही लपून राहत नाही. मग आज तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही. परवाच्या कोळंबीमुळे असेल.

कोळंबीकडे येतो. आधी कोरफड.

नऊ वर्षांपूर्वी मी घरच्या घरी क्रीम बनवायला लागलो. बीएस्सी केमिस्ट्री, सेकंड क्लास — एवढ्यावर माणूस शास्त्रज्ञ होतो, निदान आमच्या मजल्यावर तरी. कोरफड, मंजिष्ठा, ज्येष्ठमध. अर्क काढायचे, मिक्सरमध्ये घोटायचे, डब्या भरायच्या. डबीवर मीच लिहायचो, ‘फक्त वनस्पती, अपाय शून्य’. त्या ‘शून्य’वर तर मी बेहद्द खूश होतो.

कोरफडीचं पान कापलं की पिवळा चीक गळतो. पान उभं करून तो निथळू द्यायचा, नाहीतर कातडी भाजल्यासारखी होते. हे मला ठाऊक होतं. मग त्या दिवशी का नाही निथळू दिला? दादरच्या प्रदर्शनाची घाई होती म्हणून? की झाडाचंच तर आहे, त्यानं काय होतंय — असं स्वतःचंच लेबल वाचून मला वाटायला लागलं होतं?

त्या दिवशीच्या क्रीमची पहिली डबी वहिनीला दिली. थोरल्या भावाची बायको. आई गेल्यावर मला जेवायला वाढलं ते तिनंच. लेकीचा साखरपुडा आठवड्यावर आला होता, चेहऱ्यावर जरा तेज हवं म्हणाली. तिसऱ्या दिवशी चेहरा सुजून लालभडक. नायगावात तिच्या घराजवळच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी तिला विचारलं, “नवीन काही लावलंत का तोंडाला?”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी — हे तोंडातून कसं निघालं, अजून उमगत नाही — म्हणालो, “छे हो डॉक्टर, परवा कोळंबी खाल्लीय तिनं. चांगली दोन वाट्या.”

कोळंबी बंद झाली. जिना उतरताना वहिनी म्हणाली, “बरं झालं भावोजी, तुम्ही सोबत होतात. मी उगाच तुमच्या क्रीमवर संशय घेत होते.”

तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोललो. घरी येऊन तेच क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला चोळलं. सकाळी तळहाताएवढा लाल चट्टा. ऐन मे महिन्यातल्या साखरपुड्याला मी फुल शर्ट घालून गेलो. लोक म्हणाले, “काय रुबाब आहे!” फोटोंत मी ताठ उभा आहे, आणि शेजारी मुलीची आई गालावर पदर ओढून. त्याआधी, चट्टा दिसला त्याच दिवशी, वहिनीची डबी आणि मजल्यावर वाटलेल्या बाकीच्या डब्या, लेबल चुकलंय असं सांगत, दारोदार फिरून परत आणल्या.

म्हणजे मला कळलं होतं. तरी कधी कधी डोकं फिरतं — कोळंबीसुद्धा बाधली असेल, नाही? दोन्ही एकदम? असं होत नाही का? मग आठवतं, हाताला मी काही कोळंबी चोळली नव्हती.

साखरपुडा होऊ दे, मग सांगू, म्हटलं. मग लग्न होऊ दे. आता तिची लेक दोन मुलांची आई आहे.

नऊ वर्षं मालवणी बाई कोळंबीला शिवलेली नाही. म्हणजे जिभेनं. हातानं सोलते, धुते, आमच्यासाठी रांधते, आणि स्वतः आमटीभात घेऊन आमच्या पंगतीला बसते. परवा रविवारी कोळंबीचं सुकं केलं होतं. चमच्यात जरासं घेऊन माझ्यापुढे धरलं. “भावोजी, मीठ बघा. मला काय कळणार?”

मीठ कमी होतं. “बरोबर आहे,” म्हणालो. आणि मग दोनदा वाढून घेतलं.