जनाला मी दिलेला वन्स मोअर

माझा धाकटा भाऊ जनार्दन याच्या गळ्यात दैवी आवाज आहे, हे आमच्या घरात सगळ्यात शेवटी मला कळलं. भिवंडीतले लोक मात्र समजतात की सगळ्यात आधी मला कळलं. (त्याबद्दल माझा सत्कारही झाला आहे!) आता गुडघे गेले, दात गेले, निदान खरं काय ते सांगून मी हलका तरी होतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. घर अंजूरला आणि धामणकर नाक्यावर आमचे चार-सहा लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. दिवसा मी लूमचा मालक, संध्याकाळी गावच्या भजनी मंडळाचा बुवा. मी काळी पाचमध्ये गायचो. म्हणजे इतक्या वरच्या पट्टीत, की अभंग सुरू झाला की आळीतली कुत्री उत्तर देत. जनाचा आवाज मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखा. तो कोरसला उभा राहिला की माझा सूर कुणाला ऐकूच येत नसे. तेव्हा बुवा म्हणून मी निर्णय घेतला.

"जना, तू मागं बस आणि झांज वाजव. तोंड उघडायचं न्हाय."

"बरं, दादूस," तो म्हणाला. माझा शब्द त्याने कधी मोडला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे हेच भोवलं.

लूमवर मात्र हाच आवाज सोन्याचा. सगळे माग खडखडत असताना माणसाला माणसाच्या कानात ओरडावं लागतं. जना दारात उभा राहून सावकाश म्हणायचा, "करीमचाचा, चाय आयी!" आणि शेवटच्या मागावरचे करीमचाचा हात वर करायचे. म्हणायचे, "अरे जनाभाई, तुम बोलते हो तो लगता है मशीन ही चुप हो गयी!"

एकदा सुताच्या पारशी व्यापाऱ्याबरोबर त्याची बहीण खुर्शीदबाई आली होती. मुंबईला पियानो शिकवायची. ती बाहेर मोटारीत बसली होती, आणि आत जनाने चहा आल्याची वर्दी दिली. बाई मोटारीतून उतरून धावत आत आली.

"कोन बोल्ला? कोन बोल्ला ते?"

मला वाटलं, जना काहीतरी वावगं बोलला. "बाई, माफ करा, लहान हाय तो."

"लहान? अरे, आ तो बॅरिटोन छे!"

बॅरिटोन म्हणजे पुरुषाचा खालचा, भरदार आवाज, हे पुढे कळलं; आमच्या आईला, आईसला, तेव्हा ते रोगाचं नाव वाटलं. ती दोन दिवस त्याला हळदीचं दूध पाजत होती.

पुढे दोन वर्षं दर शुक्रवारी, लूमच्या सुट्टीच्या दिवशी, जना मुंबईला बाईंकडे शिकायला जाई. मला वाटे, चार दिवसांचं खूळ. मग एक दिवस त्याने सांगितलं की विलायतेत ऑपेरा गाणाऱ्यांची मोठी स्पर्धा असते, देशोदेशींचे तरुण गवई येतात, आणि तिच्यासाठी मुंबईत निवड होणार आहे. एकच जण जाणार.

"ऑपेरा म्हंजी काय?" आईसने विचारलं.

"संगीत नाटक, आये. गोऱ्यांचं."

"मग तू नायक?"

"न्हाय. नायक वरच्या आवाजाचा. माज्या आवाजाला नायकाचा बापूस, राजा, नायतर दुष्मन."

आईसचं तोंड उतरलं. पण माझ्या डोक्यात मात्र दिवा पेटला. संगीत नाटक! त्यातलं मला सगळं कळत होतं. पद रंगलं की प्रेक्षकांनी वन्स मोअर द्यायचा, नटाने पुन्हा गायचं. वन्स मोअर नाही मिळाला तर गवई पडला! आणि माझा भाऊ तिथे परक्या लोकांत एकटा गाणार. त्याला वन्स मोअर कोण देणार?

मी टेम्पो ठरवला. अख्खं भजनी मंडळ, आईस, बायको, हार आणि नारळ. वाटेत मंडळाला तालीम दिली. "मी वन्स मोअर बोललो की सगल्यांनी बोलायचं. लाजायचं न्हाय!"

सभागृहात शिरलो. लाल मखमल, काळा प्रचंड पियानो, पुढे तीन गोरे परीक्षक, त्यांच्या टेबलावर छोटी घंटा. कुणी खोकतसुद्धा नव्हतं. एक पोरगा गाऊन गेला, दुसरा गाऊन गेला. शेवटी फक्त हलक्या टाळ्या. मला त्या पोरांची दया आली. (घरचं कुणी आलेलं दिसत नव्हतं!)

बायको कुजबुजली, "अवो, सगली गप हायत. आपण पन गप बसू."

"तुला संगीतातलं काय कलतं?" मी म्हणालो.

मग जना आला. उसना काळा कोट, बाह्या आखूड. खुर्शीदबाईंनी पियानोवर बोटं टेकवली. बाप मुलाला घरी बोलावतो असं ते गाणं होतं. शब्द एक कळत नव्हता, पण त्याने पहिला सूर लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. खाडीला भरती येते तेव्हा आवाज न करता पाणी चढत जातं, आणि बघता बघता उभ्या होड्या हलायला लागतात, तसं ते सभागृह भरत गेलं. हा आपला जना? ह्याला मी झांज वाजवायला बसवला? आईस पदराने डोळे पुसत होती. आणि गाण्याच्या मध्यावर तो थांबला.

श्वासाला थांबला होता. पण ते आता कळतं.

मी उठलो आणि काळी पाचमध्ये ओरडलो, "वन्स मोअर!"

"वन्स मोअर!" मागून अख्खं मंडळ. मंडळातल्या आमच्या मामांनी तर भरात येऊन स्टेजच्या पायरीवर नारळ फोडला. पाणी एका परीक्षकाच्या विजारीवर उडालं!

जनाने माझ्याकडे पाहिलं. बुवाने सांगितलं की पहिल्यापासून घ्यायचं, ही त्याची लहानपणापासूनची सवय. त्याने घेतलं पहिल्यापासून! बिचाऱ्या खुर्शीदबाई पानं उलटी फिरवत त्याच्यामागे धावल्या. पुन्हा तीच जागा आली. पुन्हा तो थांबला. आणि पोरगं आपलं ऐकतं हे बघून खूश झालेलं मंडळ, या वेळी माझी वाटही न बघता, गरजलं, "वन्स मोअर!"

टेबलावरची घंटा वाजली. त्याची वेळ संपली होती. गाणं अर्धंच झालं होतं, आणि अर्धं गाणं नियमात बसत नव्हतं.

त्या वर्षी मघाचा दुसरा पोरगा विलायतेला गेला.

परतताना टेम्पोत ठाण्याच्या पुढे मी म्हणालो, "जना, तू परत पयल्यापासून घेतलंस कशाला? मान हलवायची, पुढं गायचं."

"तू बोललास ना, दादूस," एवढंच तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

अंजूरला उतरलो तर लोक जमलेले. "काय झालं, बुवा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन वेला वन्स मोअर! गोरे चाटच पडले. फुडच्या वर्षी परत बोलावलाय!" मंडळाने माना डोलावल्या. वन्स मोअर त्यांनीही दिला होता ना!

पुढच्या वर्षी जना परत गेला. या वेळी घरात निवडीची तारीख कुणालाच कळली नाही. ("सूत आणायला चाललो, दादूस," म्हणाला, आणि मी डबा दिला!) निवड झाली, तो विलायतेला गेला, आणि एके दिवशी खुर्शीदबाईंची मोटार धामणकर नाक्यावर करकचून थांबली. "पयला नंबर! अख्खी दुनियामां पयला!" करीमचाचांनी सगळे माग बंद केले. लोकांनी जनासाठी हार आणले. जना तिकडे होता, म्हणून ते माझ्या गळ्यात घातले. माझ्या वन्स मोअरनेच हा विलायतेला पोचला, असं भाषणात कुणीतरी म्हणालं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

परत आल्यावर जनाचा मुंबईत कार्यक्रम ठरला, त्याच सभागृहात. आम्हा नवराबायकोला पुढच्या रांगेची तिकिटं आली. सोबत निरोप, "वयनी, दादूसला घेऊन या. तुमीच सांभाला."

बायकोने सांभाळलं. दिवे मंद होताच तिने तिच्या मुठीएवढं पान माझ्या तोंडात कोंबलं. "आता बोला," म्हणाली.

आणि जना गायला. तेच गाणं, बापाचं. मध्यावर थांबला, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गाल फुगलेला, मुका, डोळ्यांतून धारा. तो किंचित हसला आणि पुढे गेला. गाण्याचा तो उरलेला अर्धा भाग मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. काय सांगू! थोडा वेळ पान चावायचंही विसरलो.

शेवटचा सूर विरला आणि सभागृह उभं राहिलं. पारशी, गोरे, मोठमोठे साहेब हात वर करून एकच काहीतरी ओरडू लागले, "आँकोर! आँकोर!"

मी घाबरून शेजारच्या म्हाताऱ्या पारशाला खुणेनेच विचारलं, काय झालं?

तो आनंदाने माझी पाठ थोपटत म्हणाला, "अरे बावा, वन्स मोअर मांगते हैं! तुम भी बोलो नी!"

सगळ्या सभागृहात गप्प बसलेला एकटा मीच होतो. बोलायला तोंड उघडलं असतं, तर पुढच्या रांगेतून पिचकारी थेट विजेत्याच्या नव्या कोटावर गेली असती.